मेडिकलला तुमच्या हाती काय दिलं आणि काय दिलं नाही? (अनुभव धागा)

2019 ला जातीवरून छळ झाल्याचा आरोप असलेली डॉ. पायल तडवीच्या आत्महत्येची बातमी आली तेव्हा आमच्या हॉस्टेलात बरेच दिवस दुसरा विषय नव्हता, मग सगळं गार झालं. 2024 ला कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून झाला, मोर्चे निघाले, सीसीटीव्ही आणि गार्डची चर्चा झाली. पण रोजच्या वॉर्डात केस कोणाच्या हातात देतात आणि सॅम्पल घेऊन लॅबला कोण पळतं यावर कोणी बोलत नाही. मला तरी खरा भेदभाव तिथेच दिसला, टोमण्यांत त्या मानाने कमी. लिहा बिनधास्त. कॉलेजचं, सरांचं नाव मात्र नको.

प्लास्टरवाली:
ऑर्थो केलंय, युनिटात एकटी मुलगी. निखळलेला खांदा आला की "ताकदीचं काम आहे, तू केसपेपर लिही". अहो, दुखणं थांबवून स्नायू सैल पडू दिले की हळूहळू ओढूनही बसतो तो, कुस्ती खेळावी लागत नाही, पुस्तकातच आहे हे. पण ज्याने आधी बसवलेत त्यालाच पुढचा मिळतो आणि वर्षाखेरीस "हिचा हात बसलेला नाही" हेही तेच म्हणणार. एक्स-रेपासून वाचवणारे लेड ॲप्रन सगळे पुरुषांच्या मापाचे, माझ्या काखेपाशी ही एवढी फट, म्हणजे सी-आर्म (ऑपरेशनमधलं एक्स-रे मशीन) चालू असताना नेमकी छातीची बाजू उघडी. पेशंटचं "सिस्टर, डॉक्टर कधी येणार" मी मनावर घेत नाही, ॲप्रनचं घेते.

सातपुडा:
मी पावरा, एसटी कोट्यातून आलो. सीनियरने नावाआधी नीटचा रँक विचारला. मॅनेजमेंट कोट्यातून येणाऱ्यांना कोणी विचारत नाही बरं का. सिलेक्शन लिस्टमध्ये कॅटेगरी छापलेली असतेच, ज्याला बघायचंय तो बघतो. घरी वेगळाच घोर, जात वैधता प्रमाणपत्र वेळेत नाही आलं तर सीट जाईल म्हणून वडील ऐन पेरणीत समितीच्या ऑफिसात चकरा मारत होते. पासिंगला कोटा नसतो, पेपर सगळ्यांना एकच, हे सांगून तोंड दुखलं.

मेडिसिन पोस्टिंगला एक आजी आली, पावरीशिवाय काही बोलेना, मी हिस्ट्री घेतली, सर खूश. त्यानंतर जो आदिवासी पेशंट येईल त्याला "अरे, तुझा पेशंट आलाय". एकदा मेळघाटचे काका होते, कोरकू बोलणारे. मला कोरकू कुठून येणार? मोडक्या हिंदीत आम्ही दोघांनी निभावलं, तोवर बाकीच्यांनी त्यांची प्लीहा (पोटातली पाणथरी) हाताने तपासून परीक्षेची तयारी करून घेतली आणि मी राहिलो दुभाषाच.

टाकेघालू:
उलटी बाजू पण लिहितो. लेबर रूममध्ये "मुलांनो, बाहेर थांबा". लॉगबुकात डिलिव्हऱ्या दाखवायच्या कुठून?

प्लास्टरवाली:
@टाकेघालू, ती बाई नाही म्हणाली तर विषय संपला, तो तिचा हक्क आहे. पण तिला न विचारताच सिस्टर तुम्हाला बाहेर काढत असतील तर तक्रार रास्त.

निळा_स्क्रब:
मी हिजाब घालते. सर्जरीच्या पहिल्या पोस्टिंगला ओटीच्या दारातच "हे चालणार नाही". बाहेरचं कापड आत नको हे मलाही कळतं हो, हात कोपरापर्यंत धुवायचे तेही मान्य, मी वाद घालतच नव्हते. इन्चार्ज सिस्टर केरळच्या, त्यांनी कपाटातून हुड काढून दिला, डोकं मान कान सगळं झाकणारा. दाढीवाल्या सर्जनसाठी ठेवलेला असतो तो! म्हणजे दाढीची सोय आधीपासून होती, माझी कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. फ्लॅट शोधतानाचं लिहीत नाही, नाव ऐकलं की "मालकांना व्हेज पाहिजे", मी अंडंसुद्धा खात नाही तरी.

सातपुडा:
@निळा_स्क्रब, तो हुड डिस्पोजेबल होता की धुवायचा? आमच्या बॅचच्या दोघी ओटीबाहेरच थांबतात, त्यांना सांगतो.

निळा_स्क्रब:
डिस्पोजेबल. सर्जिकल दुकानात "हुड कॅप" म्हणून मागायचा, पाकिटावर मानेपर्यंतचं चित्र आहे ना ते बघून घ्या. आणि एक जास्तीचा सिस्टरांकडे ठेवायला द्या.