दुसऱ्या बाळंतपणात मोठीला रात्री कोणाजवळ झोपवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मला ३३वा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. मोठी लेक पावणेचार वर्षांची. पहिलं सिझर होतं आणि यावेळीही डॉक्टर सिझरच म्हणतायत, म्हणजे हॉस्पिटलात ४ रात्री तरी धरून चालायच्या आणि माझं सगळं घोडं त्या ४ रात्रींपाशीच अडलंय.

लेक जन्मल्यापासून एक रात्र माझ्याशिवाय झोपलेली नाही. झोपताना तिला माझा कान लागतो. खरंच कान! उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळत राहते, बोटं सैल पडली की समजायचं झोपली. कुठल्या कार्यक्रमाहून रात्री उशिरा घरी आलो की मी चपला काढायच्या आधी उजवा झुमका काढते, इतकी सवय झालीये. नवऱ्याचा कान देऊन बघितला, तर दोन मिनिटं चाचपला आणि म्हणाली, "याला केस आहेत." झालं, मी परत हजर.

आई म्हणतेय इस्लामपूरला ये, पहिलं तिथेच झालं, डॉक्टर ओळखीचे, मालीशवाली ओळखीची. पण मग हिची पुण्यातली शाळा बुडणार, बाबा फक्त शनिवार-रविवार दिसणार आणि त्यात बाळ येणार, सगळं एकदमच होईल ना बिचारीला. आईला इथे बोलवावं तर तिकडे माझे बाबा एकटे, त्यांना साधा कुकर लावता येत नाही. सासूबाई आमच्याजवळच असतात, जीव लावतात, पण त्यांचे गुडघे गेलेत, हिच्यामागे पळणं त्यांच्याच्याने होत नाही. मला २६ आठवडे रजा आहे, नवरा प्रायव्हेटमध्ये, त्याला मिळून मिळून ५ दिवस. (प्रायव्हेटवाल्यांना बापाच्या रजेचा कायदाच नाही, जे देतील ते घ्यायचं.)

दुसरं म्हणजे बाळंतिणीची खोली. मागच्या वेळी आईने ४० दिवस मला अगदी कोंडून घातलं होतं, शेक, शेगडी, ओव्याची धुरी, आणि वारं लागायला नको म्हणून कानाला घट्ट रुमाल. आता तुम्हीच सांगा, तोच रुमाल यावेळी बांधला तर लेकीने धरायचं काय?

आणि येणारेजाणारे तर काही विचारूच नका. परवा एक मावशी हसत हसत तिला म्हणाल्या, "आता तुझी चंगळ संपली, आई बाळाची होणार." पोरगी त्या रात्री दोनदा उठून माझा कान शोधत होती. सासूबाईंचं वेगळंच, ही मध्यंतरी वाकून पायातून मागे बघायची तेव्हाच त्यांनी पाठचं येणार म्हणून जाहीर केलं होतं, आता तिला "भाऊच येणार हं" सांगतायत. बहीण आली तर ही मला जाब विचारणार.

तर प्रश्न असे की पुणे की माहेर, रात्रीची सवय आत्ताच मोडू का, आणि हॉस्पिटलमध्ये तिला भेटायला आणायचं की नाही? अनुभव लिहा प्लीज.

---

कुंदकळी
पुणेच. जागा, शाळा, बिछाना यातलं काहीही बदलू नकोस. सवय मोडायची तर आजपासूनच, अगदी शेवटच्या आठवड्यात केलंस तर ती त्याचा राग बाळावर काढेल. आणि एकदम नको, आधी गोष्ट बाबाने सांगायची, तू शेजारच्या खोलीत, कान मागितला तर जायचं, पण उशिरा उशिरा. हॉस्पिटलला आत्ताच विचारून ठेव, बरेच ठिकाणी लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, आमचा थोरला लिफ्टपाशी अर्धा तास रडला होता. आणि रात्री व्हिडिओ कॉल अजिबात करू नकोस, आमचा शांत झोपायला आलेला असायचा आणि माझा चेहरा दिसला की परत भोकाड. दुपारी कर.

दोन_पोरांचा_बाप
केंद्र सरकारी नोकर आहे, मला १५ दिवस होते. पहिल्या वेळी मी ते बाळासाठी घेतले आणि नुसतीच लंगोटं वाळत घातली. दुसऱ्या वेळी मोठ्यासाठी घेतले, ते खरे कामाला आले. तुमच्या मिस्टरांनी हॉस्पिटलात रात्री थांबूच नये. तिथे आई किंवा दुसरं कोणी बाईमाणूस, आणि बाबा घरी मोठीजवळ. ते ५ दिवस तिच्या नावाचे. कानाचे केस काढता येतात, हाय काय अन् नाय काय.

आजी_नाशिककर
अगं, तुझ्या आईच्या बाबांना कुकर... चुकलं, तुझ्या बाबांना कुकर शिकव आधी, ६ आठवडे आहेत की हातात! शेकाचं म्हणशील तर बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, तो धूर वाईट, जीवावर बेततं. गरम पाण्याची पिशवी पुरे, तीही टाके सोडून आणि डॉक्टरांना विचारूनच. दार लावून घेऊ नका, थोरलीला आत येऊ दे, "हात लावू नको, हात लावू नको" केलं की तिला ते बाळ शत्रूच वाटणार. हात धुऊन पायाला हात लावू दे, दुपटी घडी करायला दे, वाकड्या का होईना करेल. मालीशवाली येईल तेव्हा तिच्याही पाठीला बोटभर तेल लावायला सांग, माझ्या नातीला तेवढ्यानेच राणी झाल्यासारखं वाटायचं. कडेवर घ्यायचं मात्र दीडेक महिना नाही, टाके असतात. तू पलंगावर बस, पोटावर उशी धर, तिला बाजूने चढू दे. आणि रुमाल दिवसा बांध, रात्री सोड. कानाला काही होत नाही.

---

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार, आजी तुमचं वाचून मी आणि नवरा दोघं हसलो. पुण्यातच करायचं ठरलं. आई येतेय, बाबा पण येतायत, त्यांना इथे डाळ-भाताचा कुकर लावायचं ट्रेनिंग आहे.

काल रात्री पहिली रंगीत तालीम झाली. मी बाहेर सोफ्यावर, आत तिच्याजवळ तिचा बाबा. पाऊण तास रडारड, मग शांत. दार लोटून बघितलं तर बाई बाबाच्या छातीवर आडव्या, आणि बोटांत तिच्या स्वतःचाच कान. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटपण, ते कसं ते कळेना. बाळ भाऊ की बहीण ते कोणालाच माहीत नाही, डॉक्टरांना सांगायला कायद्याने बंदी आहे, हे तिला समजावलं तर म्हणाली, "मग आपण त्याला बाळच म्हणू."

आता एकच राहिलं, सिंहगड रोडच्या बाजूला चांगल्या मालीशवाल्या मावशी कोणाला माहीत असतील तर मेसेज करा. मोठ्या मुलीलाही बोटभर तेल लावणाऱ्या हव्यात.