मदत हवी आहे: टीएचं (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणाऱ्याचं) काम नेमकं कुठे संपतं?

नमस्कार मंडळी. पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, या सत्रापासून टीएचं काम लागलंय. पत्रात आठवड्याला 20 तास लिहिलेत: ट्युटोरियल, प्रयोगशाळेत देखरेख, असाइनमेंट तपासणं, मुलांच्या शंका. इथवर ठीक. पण सर आता प्रश्नपत्रिका काढायला आणि अधूनमधून त्यांचे तासही घ्यायला सांगतात. 60 उत्तरपत्रिका, प्रत्येकी 15 मिनिटं धरली तरी 15 तास तिथेच गेले! माझं संशोधन कधी करू?

शिवाय एका मुलाने गुण वाढवून मागितलेत. तो निर्णय माझा की सरांचा? तपासायच्या आधीच गुणदानाचा तक्ता लेखी मागून घेता का तुम्ही? आणि तासांचा हिशेब सरांपुढे कसा मांडायचा? माझे गाइडही तेच आहेत, सगळी अडचण तिथेच आहे.