जिनिंगमध्ये कंबर गेली, कायरोप्रॅक्टरचा खर्च मालकाकडून मिळेल का?

गिरणाकाठची लेक (धरणगाव)
आप्पा 19 वर्षांपासून जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, प्रेसवर आहेत. डिसेंबर 2024 मध्ये गाठ ढकलताना पाय घसरला. रुईची एक गाठ 170 किलोची. घरी आणलं तर खाटेवर टेकताही येईना. "मना मनका सरकी गया," एवढंच म्हणत राहिले. सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला, गोळ्या दिल्या. फरक पडेना म्हणून कुणीतरी सांगितलेल्या कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटके देऊन मणका बसवणारा) नेलं. त्याने कुशीवर वळवून झटका दिला, कमरेत कट्कन आवाज झाला आणि आप्पा आपले आपण उठून बसले. माय रडायलाच लागली. मग 14 वेळा गेलो, दर वेळी 600 रुपये. दहाव्या वेळेनंतर डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. आता एमआरआयमध्ये मणक्यातली चकती सरकलेली निघाली. मालक म्हणतो, ती तुमच्या त्या माणसाने सरकवली, मी एक रुपया देणार नाही. पावत्या म्हणाल तर वहीच्या पानावर लिहिलेले आकडे. आमचा हक्क गेला का?

जुना कामगार कार्यकर्ता (जळगाव)
नाही गेला, ताई. जिनिंग-प्रेसिंग हा हंगामी कारखाना, म्हणून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू नाही. अपघात 2024 चा, म्हणजे नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा आहे, तेव्हा 1923 चा कामगार भरपाई कायदा धरा. कलम 4(2अ) प्रमाणे उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, आणि किती वेळा गेलात याला तिथे मर्यादा नाही. अडचण कलम 11 ची आहे. मालकाने फुकट देऊ केलेला डॉक्टर विनाकारण नाकारला किंवा त्याचं ऐकलं नाही, पुढेही नोंदणीकृत डॉक्टरकडे नीट उपचार घेतले नाहीत आणि त्यामुळे दुखणं वाढलं असं सिद्ध झालं, तर तो वाढलेला भाग भरपाईत धरत नाहीत. मूळ दुखापत तरीही मालकाच्याच अंगावर. मालकाने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली.

वहीच्या पानावरचे 8,400 मिळवणं अवघड आहे, खोटी आशा लावत नाही. पण एमआरआय, औषधं, डॉक्टरची फी सोडू नका. आप्पा घरी बसले त्या काळाचे दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के निघतात, हिशेबाला पगार 15,000 पर्यंत धरतात. अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करायचा. "काही मागणं नाही" अशा कागदावर सही घेतली असेल तर घाबरू नका, कलम 17 ने तो कागद रद्द ठरतो. पहिल्या दिवसाचा केसपेपर मात्र आजच शोधा.

फिजिओ (भुसावळ)
वाचून जीव कळवळला. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची कायद्याने नोंदणी नाही, त्यामुळे कुणीही पाटी लावतो. पायाला मुंग्या आल्या त्याच दिवशी झटके थांबायला हवे होते. आप्पांना लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर वाटली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.

अमळनेरचा, सध्या कॅलिफोर्नियात
इथे कायरोप्रॅक्टरला रीतसर परवाना असतो. तरी 1 जानेवारी 2004 पासून कामावरच्या एका दुखापतीसाठी त्याच्याकडे 24 च भेटी मिळतात. पुढच्या हव्या असतील तर मालकाच्या बाजूने लेखी मंजुरी लागते. आमच्या गोदामातल्या एकाचा विसाव्या भेटीनंतर रोजचा हिशेब चाललेला असायचा, अजून किती उरल्या. पण तो निदान डॉक्टरांच्या नोंदीत तरी होता.

गिरणाकाठची लेक
केसपेपर सापडला. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डात घडी घालून ठेवलेला होता. वर तारीख, खाली "कामावर गाठ ढकलताना पडले", आणि त्याखाली डॉक्टरांच्या अक्षरात "डाव्या पायात कळ". म्हणजे पाय पहिल्या दिवसापासूनच दुखत होता, कायरोप्रॅक्टरकडे तर आम्ही तीन आठवड्यांनी गेलो! आप्पांना विचारलं तर म्हणाले, कमरेपुढे पायाचं काय सांगू. तीन झेरॉक्स काढल्या आहेत. सोमवारी पहिल्या एसटीने जळगावला कामगार न्यायालयात जाते. दादा, सोबत आणखी काय आणू?