पैलवानाच्या गुडघ्याला बैठका पुरेशा आहेत का?

सांगलीचा फिजिओ: काल एका सदस्याने लिहिले की रोज हजार बैठका मारणाऱ्याचा गुडघा जात नाही आणि बाकीचे व्यायाम हा जिमवाल्यांचा धंदा आहे. हे वाचून गप्प बसवत नाही. बैठकीत टाचा उचललेल्या असतात, गुडघा चवड्यापुढे जातो, म्हणून मांडीचा पुढचा स्नायू दणकट होतो. मात्र नडगीचे हाड पुढे सरकू न देता आतल्या लिगामेंटला आधार देणारा मागचा स्नायू त्या मानाने कच्चा राहतो. त्यासाठी गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे दाबून धरावेत आणि कंबरेत न वाकता अंग सावकाश पुढे सोडावे. याला यंत्र लागत नाही.

लालमाती: तालमीत केवळ बैठका नसतात, जोर, सपाट्या, दोरी, मल्लखांब हे सारे असते. खरा दोष मॅटचा आहे. बूट मॅटला धरून ठेवतो, अंग वळते आणि गुडघा पिळला जातो; मातीत अनवाणी पाय सरकतो. रिओत 2016 मध्ये विनेश फोगाटचा गुडघा गेला तो मॅटवरच. शिवाय हळद, ताक, तेल घातलेली माती रोज उकरणे हाच खांद्याचा आणि कंबरेचा व्यायाम होता. आजची पोरे फावड्याला हात लावत नाहीत.

जुना मल्ल: खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले तेही मॅटवरच, हे विसरू नये. मातीचे म्हणाल तर न उकरलेल्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, धोबीपछाड बसून माझा खांदा निखळला, आणि सूज उतरण्याआधीच वस्तादांनी मला पुन्हा लढतीला उतरवले. आजही तो हात डोक्यावर नेताना अडतो.

लालमाती: वस्तादांना दोष देऊ नका! हौदा उकरला नव्हता, हेच तर मी सांगतो आहे.

जुना मल्ल: उकरायचा हुकूम कोणी द्यायचा असतो? पोरांनी की वस्तादांनी?

सांगलीचा फिजिओ: हौद्याच्या वादात मान राहून जाते आहे. मिसरूड न फुटलेल्या पोराला ब्रिजवर, म्हणजे डोके आणि पाय टेकवून अंगाची कमान करून, ठेवून त्याच्या छातीवर जोडीदार बसवतात, तेव्हा सगळा भार मानेच्या मणक्यांवर येतो. त्याऐवजी जोडीदाराने कपाळावर हात ठेवून रेटावे, पोराने मान तसूभर हलू न देता तो रेटा अडवावा, आणि हेच मागून व दोन्ही बाजूंनी करावे.

लालमाती: मानेचे मान्य, तेही लहान पोरांपुरते. घोटे धरायचा व्यायाम देऊन पाहीन. मात्र बैठकांच्या जोडीला, बैठकांऐवजी नव्हे. किती करायचा ते स्पष्ट लिहा.

सांगलीचा फिजिओ: पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचच्या दोन फेऱ्या, पुढे आठवड्यातून दोन दिवस. हजार बैठकांनी मांड्या थकल्यावर मात्र नको, त्याआधी द्या.