५० किलोची गोणी आता २५ ची करा

भुसारवाला: आमची भुसाराची आडत आहे. बावीस वर्षं वाराई (माल चढवणं-उतरवणं) करणारे काका परवा म्हणाले, "मालक, थप्पीची वरची ओळ आता माझ्याच्यानं होत नाही." कमरेतला मणका दबलाय. इंग्लंडात सिमेंटची पिशवी २५ किलोची मिळते. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या 'नायॉश' संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र सगळं अनुकूल असलं तरी २३ किलोच्या वर जात नाही. आपण मात्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची, एका पुरुष कामगारानं जास्तीत जास्त ५५ किलो उचलावं ही शिफारस धरून निवांत आहोत. धान्य, साखर, सिमेंट, सगळं २५ मध्ये भरा.

पाठीवरचा: सतरा वर्षं पोती उचलतोय. आमच्या वडिलांनी १०० ची वाहिली, तेव्हा ५० ची आली तर सुटल्यासारखं वाटलं. पण हिशेब करा. २० टनांचा ट्रक म्हणजे ५० च्या ४०० गोण्या, २५ च्या ८००. हमाली नगावर असते. गोणी निम्मी झाली की व्यापारी दरही निम्मा करणार. मग वाकायचं दुप्पट आणि पैसे तेवढेच. शिवाय घाईत पोरं एका वेळी दोन-दोन उचलतील, हे लिहून ठेवा.

फिजिओ_साताऱ्याची: शेवटचं वाक्य अगदी खरं. आणि भुसारवाले, ते २३ किलो कुठले? वजन अंगाशी, उचल साधारण गुडघ्याच्या वर, कंबर न वळवता. जमिनीवरून उचलून, पिळा देऊन, डोक्याच्या वर थप्पीवर फेकायचं म्हटलं की तोच आकडा झपाट्यानं खाली येतो. माझ्याकडे येणारे बहुतेक "वळलो आणि कट् झालं" असंच सांगतात. कमरेचा पट्टा बांधल्यानं दुखापत टळते असा ठोस पुरावा नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

भुसारवाला: म्हणजे गोणी तशीच ठेवायची?

फिजिओ_साताऱ्याची: नाही. पण आधी ट्रकचा फाळका आणि तुमच्या दुकानाचा ओटा एका उंचीवर आणा. थप्पी खांद्याच्या वर नको. हातगाडी घ्या.

पाठीवरचा: हातगाडी आहे हो. चाक गेलंय, दिवाळीपासून कोपऱ्यात पडून आहे. मालक म्हणतात, तुम्ही आहात की.

भुसारवाला: हे माझ्याकडचंच निघालं तर? आमचीही एक पडून आहे. उद्या चाक बसवतो. पण २५ चा हट्ट सोडत नाही, दर क्विंटलवर ठरवू.

पाठीवरचा: क्विंटलवर लेखी द्या, मग बोलू.