नऊ वर्षे रॅम्पवर काढून परदेशात पुन्हा नवशिका? हे बदलायला हवे

हेडसेटवाला (धागाकर्ता)

ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे रॅम्पवर (विमाने उभी राहतात तिथे) विमानाची जमिनीवरची कामे करण्यात नऊ वर्षे झाली. सुरुवात होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत) वाकून बॅगा रचण्यापासून, मग बेल्ट लोडर, मग ट्रॅक्टर आणि शेवटची चार वर्षे हेडसेट लावून पुशबॅक, म्हणजे विमान ट्रॅक्टरने मागे ढकलून काढायचे काम. गेल्या वर्षी दुसऱ्या देशात आलो आणि याच कामाला लागलो. येताना डीजीआरचे, म्हणजे धोकादायक मालाचे प्रमाणपत्र, पुशबॅक आणि मार्शलिंगची (विमानाला हाताने खुणा द्यायच्या कामाची) पत्रे, ह्यूमन फॅक्टर्सचा (माणसाच्या हातून चुका का होतात याचा) कोर्स, सगळे नीट फाइलला लावून आणले होते. प्रशिक्षण विभागातल्या बाईंनी दोन पाने उलटली, फाइल मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "ही घरीच ठेवा, इथे लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात बसून चॉक, म्हणजे चाकाला लावायचा अडथळा, म्हणजे काय ते शिकत होतो. मार्शलिंगच्या तासाला प्रशिक्षकाने कांड्या हातात घेतल्या, दोन्ही हात बाजूला ताणले, सावकाश वर नेले आणि डोक्यावर फुली केली. विमान थांबवायची ही खूण आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट २ मध्ये चित्रासकट छापलेली आहे. वैमानिक कुठल्याही देशाचा असो, ती फुली त्याला कळते. मी ती किती वेळा केली असेल याचा हिशेब नाही. तरी कागदावर मी अप्रशिक्षित, आणि पगारही नवशिक्याचा.

वैमानिक, देखभाल अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, फ्लाइट डिस्पॅचर यांचे परवाने आयकाओच्या परिशिष्ट १ मध्ये येतात. देश बदलला तर परवाना मान्य करून घ्यायची काहीतरी वाट असते. वेळ लागतो, परीक्षा द्याव्या लागतात, पण वाट असते. आपल्याला परवानाच नाही. आपले प्रशिक्षण कंपनीच्या रेकॉर्डमध्ये, आणि नोकरी सोडली की ते तिथेच राहते. आयाटाचे (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे) आयसागो आहे, पण ते कंपनीचे ऑडिट, माणसाचे नव्हे. माझे म्हणणे एवढेच की घेतलेले प्रशिक्षण कामगाराच्या नावावर असावे. नव्या ठिकाणी आधी परीक्षा घ्या, जे येत नसेल तेवढे शिकवा.

रॅम्प प्रशिक्षक

असहमत, आणि हे मी वर्गाच्या दुसऱ्या बाजूने सांगते आहे.

तुमच्या नऊ वर्षांबद्दल आदर आहे. पण तुमच्या पत्रावर सही करणाऱ्याने तुम्हाला प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर बसवून पाहिले की हजेरीपटावरून सही ठोकली, हे मला कळायला मार्ग नाही. उद्या काही झाले तर चौकशीत माझी सही बाहेर काढतात. डीजीआरचेच घ्या. पूर्वी क्रमांकाच्या कॅटेगऱ्या होत्या, अमुक कॅटेगरी पास म्हणजे अमुक काम. २०२३ पासून ती पद्धत गेली. आता माणूस जे काम करणार, त्या कामाची त्याची क्षमता मालकाने पाहायची असते. तुमच्या प्रमाणपत्राची २४ महिन्यांची मुदत शिल्लक असली तरी माझ्यावरची ही जबाबदारी टळत नाही.

दुसरे, जे कुठल्याच कागदावर येत नाही. डिसेंबर २००५ मध्ये सिएटलला रॅम्पवरच्या एका वाहनाची धडक एमडी-८० विमानाच्या अंगाला बसली. चालवणाऱ्याने तेव्हा ते कळवले नाही. विमान उडाले, सुमारे २६ हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला, मास्क खाली आले आणि विमान परत फिरवावे लागले. सगळे सुखरूप उतरले, पण घासलेल्या पत्र्याची गोष्ट कुठवर जाते ते त्यातून कळते. ठोकर लागली की आहे तिथे थांबून सुपरवायझरला फोन करायचा, ही सवय कोणत्या प्रमाणपत्रावर लिहिलेली असते? काही ठिकाणी ठोकर कळवली की पगार कापतात. तिथून आलेला चांगला, कष्टाळू माणूसही गप्प बसायला शिकलेला असतो. वर्गातले पहिले दिवस मी चॉक शिकवण्यात घालवते असे तुम्हाला वाटते. मी खरे तर ती भीती काढत असते.

लोडशीट

प्रशिक्षकताई, भीतीचा मुद्दा अगदी पटला. पण कंपनीची सही पुरेशी असते, हे पटत नाही.

२९ एप्रिल २०१३, अफगाणिस्तानातले बग्राम. ७४७ मालवाहू विमानात पाच चिलखती लष्करी गाड्या होत्या. बांधणी अपुरी होती. उड्डाणानंतर लगेच निदान एक गाडी मागे सरकली, मागची हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीकडचे नियंत्रण तुटले. सातही जण गेले. त्या बांधणीलाही कुणाचीतरी मंजुरी होतीच. चौकशीनंतर अमेरिकेच्या एनटीएसबीने (वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने) शिफारस केली ती अशी, की असा खास माल चढवणाऱ्या, बांधणाऱ्या आणि त्याची कागदपत्रे करणाऱ्या माणसांसाठी प्रमाणन असावे. म्हणजे व्यक्तीचे प्रमाणन, धागाकर्ते म्हणतात तेच.

मी लोड कंट्रोलमध्ये आहे, विमानात वजन किती आणि कुठे याचा हिशेब माझ्याकडे. माझी बेरीज चुकली तर विमानाचा समतोल चुकतो, आणि तरी माझ्या नावाचा परवाना नाही. बॅगा रचणाऱ्याला परवाना हवा की नको यावर वाद घाला, पण लोड कंट्रोल आणि पुशबॅक या दोन कामांना तरी तो हवाच.

एअरसाइड पास

तुम्ही सगळे प्रशिक्षणावर भांडताय, पण माणूस अडकतो पासवर. युरोपात एअरसाइड पाससाठी (विमाने असतात त्या बंदिस्त भागात शिरायच्या परवानगीसाठी) निदान मागच्या पाच वर्षांची नोकरी, शिक्षण आणि मधले रिकामे काळ तपासतात, आणि तेवढ्या काळात ज्या ज्या देशात राहिलात तिथली गुन्हेगारी नोंदही. जुनी कंपनी बंद पडली असेल तर पत्र देणार कोण? नोकरी सोडायच्या आधीच तारखांसकट अनुभवपत्र आणि पोलिसांचा दाखला हातात घ्या. वाद सावकाश घाला.

डांबरपट्टी

परवान्याला माझा ठाम विरोध, आणि तो कामगाराच्या बाजूने आहे.

आज तुम्हाला वर्गात कोण बसवते? कंपनी. त्या दिवसांचा पगार बहुतेक ठिकाणी तीच देते. उद्या परवाना आला की जाहिरातीत छापून येईल, 'परवानाधारकांनीच अर्ज करावा'. मग तो मिळवायचा खर्च कोणावर? अठरा-वीस वर्षांच्या पोरावर. त्याने कर्ज काढून कोर्स करायचा, आणि कोर्स विकणाऱ्यांनी रॅम्प न दाखवता प्रमाणपत्र छापायचे. कामाला लागण्याआधीच पोरगा कर्जात.

हे काम असे आहे की शिक्षण नसलेला, ओळख नसलेला माणूसही आत शिरू शकतो आणि वर चढू शकतो. धागाकर्तेही होल्डमधून हेडसेटपर्यंत गेले ते असेच. ते दार परवान्याने बंद होईल.

हेडसेटवाला

डांबरपट्टी, तुमचा मुद्दा मी धरला नव्हता, हे मान्य. मीही कर्ज काढून आत येऊ शकलो नसतो. म्हणून परवाना हा शब्द मागे घेतो. नोंद म्हणू. प्रशिक्षण कंपनीनेच द्यायचे, कंपनीच्याच खर्चाने, फक्त त्याची पडताळता येईल अशी नोंद माणसासोबत जायची. ही कल्पना हवेतली नाही. आयाटाने २०२३ मध्ये ग्राउंड ऑपरेशन्ससाठी ट्रेनिंग पासपोर्ट पुढे आणला, तो याचसाठी, की एका कंपनीतले प्रशिक्षण दुसऱ्या कंपनीने, दुसऱ्या विमानतळाने मान्य करावे. युरोपीय महासंघाने मार्च २०२५ मध्ये ग्राउंड हँडलिंगचे नियम काढले, त्यात प्रशिक्षणही आहे, आणि ते मार्च २०२८ पासून लागू होतील. दिशा तीच आहे.

प्रशिक्षकताई, तुमच्याशी अर्धा सहमत. माझ्या जुन्या विमानतळावर बर्फ कधी पडलाच नाही. इथल्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे पंखावर पांढरा थर पाहिला तेव्हा कळले की मला काही येत नाही. नारिंगी द्रवाने थर धुवायचा, हिरव्याने तो पुन्हा धरू द्यायचा नाही, आणि हिरवा द्रव संरक्षण देतो तेवढ्या वेळातच विमान उडायला हवे. हे मला शून्यापासून शिकवले, बरे झाले. पण तेच दिवस मला चॉक शिकवण्यात गेले नसते, तर डी-आयसिंगचा (बर्फ काढायचा) सराव दुप्पट झाला असता.

रॅम्प प्रशिक्षक

ठीक. मग सांगा, तुमच्यासारखा माणूस आला तर मी नेमके काय तपासू? लेखी परीक्षा म्हणाल तर पाठांतर करून कोणीही पास होतो.

हेडसेटवाला

एक पुशबॅक करायला लावा, तुम्ही शेजारी उभ्या राहा. टोबार (ट्रॅक्टर आणि विमान जोडणारी दांडी) त्याच विमानाची आहे का ते तो बघतो का? नोज गिअरला (पुढच्या चाकाला) बायपास पिन (कॉकपिटमधून चाक वळू नये म्हणून लावायची खीळ) लावल्याशिवाय टोबारला हात घालतो का? ब्रेक सोडल्याचे कॉकपिटकडून ऐकल्याशिवाय ट्रॅक्टर हलू देतो का? आणि शेवटी टोबार सुटल्यावर पिन काढून बाजूला येतो, पिनची लाल फीत वैमानिकाला दिसेल अशी वर धरतो आणि त्याने हात केल्याशिवाय वळत नाही. ज्याने हे वर्षानुवर्षे केले आहे त्याचा हात आपोआप वर जातो. वर्गात तीन दिवस बसवून तुम्हाला जे कळेल ते इथे वीस मिनिटांत कळेल.

रॅम्प प्रशिक्षक

हे करून पाहण्यासारखे आहे. पुढच्या तुकडीत तीन अनुभवी लोक येत आहेत. पहिल्या दिवशी वर्गाऐवजी स्टँडवर, विमान उभे असते तिथे, नेण्याची परवानगी मागते.

एअरसाइड ड्रायव्हिंग मात्र सगळ्यांना पहिल्यापासून, तुम्हालाही. प्रत्येक विमानतळाचे टॅक्सीवे, रेघा, होल्डिंग पॉइंट वेगळे. धुक्यात चुकीच्या रेघेवरून पुढे गेलेल्या ट्रॅक्टरला नऊ वर्षांचा अनुभव मागे खेचत नाही. त्यात मी एक तासही कमी करणार नाही.