मदत हवी आहे: सॅकेडदरम्यान (नजर एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडते तेव्हा) सरकवलेल्या ठिपक्याची सरक दिसतेच आहे, चूक कुठे?

पडदा डोळ्यांपासून ५७ सेंमीवर आहे, म्हणजे पडद्यावरचा १ सेंमी साधारण १ अंश. नजर डावीकडच्या खुणेवरून १० अंश उजवीकडच्या ठिपक्यावर उडते. आय ट्रॅकर (डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र) १००० हर्ट्झचा आहे. डोळ्याचा वेग सेकंदाला ३० अंशांपलीकडे गेला की ठिपका १ अंश वर सरकतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा. ब्रिजमन, हेंड्री आणि स्टार्क यांच्या १९७५ च्या प्रयोगात सॅकेडच्या एक तृतीयांशापर्यंतची सरक लक्षात येत नव्हती. इथे १ अंशही जवळपास दर वेळी पकडला जातो. काय तपासू?

प्रतिसाद १
आधी मॉनिटर. १० अंशांची सॅकेड सुमारे ४५ मिलिसेकंदांत संपते. वेग ओळखण्यात काही मिलिसेकंद जातात, पुढच्या फ्रेमची वाट पाहण्यात १६.७ पर्यंत, शिवाय एलसीडीचा पिक्सेल बदलायला वेळ लागतो तो वेगळाच. डोळा थांबल्यावर ठिपका हलला की ती साधी हालचाल होते, आणि ती कोणालाही दिसणारच. सॉफ्टवेअरमधल्या वेळेवर विसंबू नका; पडद्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) लावून खरा विलंब मोजा. सॅकेड संपल्यानंतर बदल झालेल्या ट्रायल (प्रयोगाच्या फेऱ्या) सरळ वगळा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर मिळाला तर फारच उत्तम.

प्रतिसाद २
+१. शिवाय सरक वर का? आडव्या सॅकेडला आडवी सरक सर्वांत कठीण जाते, कारण डोळा स्वतःच त्या दिशेत थोडा कमी-जास्त पडतो. उभी सरक सहज कळते. खोलीत अंधार करा, मॉनिटरची कड दिसू देऊ नका. स्थिर कडेच्या तुलनेत ठिपक्याची सरक उघडी पडते.

धागाकर्ता
दोघांचे आभार. सॅकेड संपताच ठिपका क्षणभर विझवून नव्या जागी दाखवला, तर सरक लपेल का?

प्रतिसाद १
उलट होईल! डॉइबेल, श्नायडर आणि ब्रिजमन यांनी १९९६ मध्ये हेच दाखवलं: डोळा पोचताना ठिपका गायब असेल आणि ५० ते ३०० मिलिसेकंदांनी उगवला, तर सरक फार बारकाईने ओळखता येते. म्हणजे डोळा किती वळला याची मेंदूकडची नोंद, स्नायूंना दिलेल्या आज्ञेची प्रत, बऱ्यापैकी अचूक असते. पण उतरल्याबरोबर ठिपका जवळपास सापडला की मेंदू जग स्थिर धरून चालतो आणि ती नोंद वापरतच नाही. ‘सॅकेडमध्ये दृष्टी बंद पडते’ एवढंच स्पष्टीकरण म्हणूनच अपुरं आहे. विझवलेल्या ट्रायलचा वेगळा गट ठेवा. त्यात ओळख सुधारली आणि न विझवलेल्यांत पडली, तर मांडणी बरोबर बसली असं समजा.